टॅक्सी क्रमांक १७२९ आणि खाटेवरचा रुग्ण

२२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस. त्यांच्या जन्माच्या १२५व्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, देशात राष्ट्रीय गणित वर्ष पाळले गेले आणि तेव्हापासून हा दिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून साजरा होतो. शाळाशाळांतून त्या दिवशी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. प्राध्यापक हार्डी टॅक्सीने रामानुजन यांना भेटायला गेले. टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता. हार्डींना तो अगदीच नीरस वाटला. रामानुजन यांनी मात्र लगेच दाखवून दिले, की दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे. एकाचा घन अधिक बाराचा घन आणि नवाचा घन अधिक दहाचा घन, दोन्ही बेरजा १७२९ येतात.

गोष्ट खरी आहे, पण सांगताना तिच्यातली एक बाब बहुधा गळते. ही भेट महाविद्यालयात किंवा घरी झाली नव्हती. लंडनमधील पटनी भागातल्या एका शुश्रूषागृहात ती झाली. रामानुजन तेव्हा तिशीचे होते आणि वर्षभराहून अधिक काळ आजारी होते. त्यांना नेमके काय झाले आहे, यावर एकाही डॉक्टरचे दुसऱ्याशी धड जुळत नव्हते.

आजारपण या मुलाच्या वाट्याला पहिल्यापासूनच होते. १८८७ मध्ये इरोड येथे आजोळी त्यांचा जन्म झाला. वडील कुंभकोणमला साड्यांच्या दुकानात कारकून होते, आई मंदिरात भजने गात असे. दोन वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या. त्या साथीत तंजावर भागात मुले पटापट दगावत होती. रामानुजन वाचले, अंगावर व्रण राहिले. त्यांच्या पाठोपाठ जन्मलेली भावंडे मात्र तान्हेपणीच गेली.

घरची ओढगस्त असल्याने शिकायला आलेल्या मुलांना भाड्याने ठेवून घेतले जाई. त्यांच्याकडूनच रामानुजन यांना लोनी यांचे त्रिकोणमितीचे पुस्तक मिळाले आणि वयाच्या बारा-तेराव्या वर्षी त्यांनी ते संपवले. पंधरा-सोळाव्या वर्षी मित्राकरवी ग्रंथालयातून कार यांचे पुस्तक हाती आले. गणिताच्या इतिहासात या पुस्तकाला एरवी कोणी विचारले नसते. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची शिकवणी घेणाऱ्या गृहस्थाने परीक्षेसाठी तयार केलेली ती सूत्रांची जंत्री होती. पाच हजारांच्या आसपास निष्कर्ष एकाखाली एक, आणि सिद्धता बहुतेक ठिकाणी नाहीच किंवा जेमतेम ओळभर. हुशार मुलाच्या हाती देऊ नये असेच हे पुस्तक. पण रामानुजन यांनी प्रत्येक सूत्र हे आपल्याला घातलेले कोडे आहे असे समजून ते स्वतः सोडवायला घेतले. एक सूत्र सिद्ध करताना त्यांना नवी चार सापडत.

कागद महाग होता. म्हणून सगळी आकडेमोड पाटीवर होई. ओळ झाली की कोपराने पुसायची, पुन्हा लिहायचे आणि शेवटी हाती आलेले उत्तर तेवढे वहीत उतरवायचे. पुढे जगभरच्या गणितींना त्यांच्या वह्यांनी कोड्यात टाकले ते यामुळेच. वहीत उत्तरे आहेत, वाट नाही. त्यात तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत. नामक्कलची नामगिरी देवी स्वप्नात सूत्रे सांगते, अशी त्यांची श्रद्धा होती आणि ती प्रामाणिक होती. परंतु पाटी पुसून पुसून काळे पडलेले ते कोपर विसरले, तर अर्धीच हकिगत उरते.

या नादाची किंमत त्यांनी मोजली. १९०४ मध्ये शाळेतून बक्षीस घेऊन बाहेर पडलेला हा मुलगा कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात शिष्यवृत्ती घेऊन गेला आणि गणित सोडून बाकीच्या विषयांत नापास झाला. शिष्यवृत्ती गेली. तो घर सोडून विशाखापट्टणमकडे निघून गेला. मग मद्रासच्या पचय्यप्पा महाविद्यालयात पुन्हा प्रयत्न झाला. तिथे असतानाच १९०६ मध्ये त्यांना हगवणीचा जोराचा त्रास झाला आणि घरी परतावे लागले. नंतर दिलेली परीक्षाही हातची गेली. त्या काळात हगवण घराघरांत होती, कोणी ती लक्षात ठेवत नसे. या हगवणीकडे मात्र शेवटी परत यावे लागणार आहे.

१९०९ मध्ये जानकी या दहा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करावी लागली. घरात तेवढे पैसे नव्हते, एका डॉक्टरने ती फुकट केली. थोडे बरे वाटताच वह्या काखोटीला मारून ते नोकरीसाठी दारोदार फिरू लागले. डेप्युटी कलेक्टर असलेले रामस्वामी अय्यर यांच्याकडे ते कारकुनाची जागा मागायला गेले. अय्यर यांनी वही चाळली आणि या माणसाला महसूल खात्यात अडकवणे योग्य नाही असे ठरवून त्यांना मद्रासच्या गणितींकडे पाठवले. याच अय्यर यांनी १९०७ मध्ये भारतीय गणितींची संस्था उभी केली होती. देशभर विखुरलेल्या सभासदांना टपालाने पुस्तके पुरवणारे तिचे ग्रंथालय पुण्यात, फर्ग्युसन महाविद्यालयात होते.

या संस्थेच्या नियतकालिकातच १९११ मध्ये रामानुजन यांचे पहिले लेखन छापून आले. त्यात त्यांनी वाचकांना एक कोडे घातले होते. वर्गमूळाच्या चिन्हाखाली एक अधिक दोन गुणिले वर्गमूळ, त्या आतल्या वर्गमूळात एक अधिक तीन गुणिले वर्गमूळ, त्याच्या आत एक अधिक चार गुणिले वर्गमूळ, असे न संपणारे. याची किंमत किती? तीन अंक निघाले, कोणाचेही उत्तर आले नाही. शेवटी रामानुजन यांनीच ते दिले. उत्तर आहे तीन. रीत समजायला शाळेतले गणित पुरते. तीन म्हणजे नवाचे वर्गमूळ, आणि नऊ म्हणजे एक अधिक दोन गुणिले चार. त्यातला चार म्हणजे सोळाचे वर्गमूळ, आणि सोळा म्हणजे एक अधिक तीन गुणिले पाच. पाच म्हणजे पंचविसाचे वर्गमूळ, आणि पंचवीस म्हणजे एक अधिक चार गुणिले सहा. असे आत आत जात राहायचे. वाचकांनी कागद घेऊन चार पायऱ्या करून पाहाव्यात, रामानुजन यांचे डोके कसे चाले याची थोडी चव मिळेल.

काही महिने नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी महिना २५ रुपये देऊन त्यांचा खर्च चालवला. पण फुकटचे घेणे रामानुजन यांना रुचेना. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले. ही नोकरी किरकोळ वाटेल, पण त्यांच्या आयुष्यात ती फार मोलाची ठरली. तिथले मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर स्वतः गणिती होते आणि रात्री पाटी घेऊन रामानुजन यांच्यासमोर बसत. साहेब सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनीही या कारकुनाला मोकळीक दिली. त्यांच्याच प्रोत्साहनाने इंग्लंडला पत्रे गेली.

त्यांतले १६ जानेवारी १९१३ चे पत्र केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना होते. त्यासोबत सूत्रांनी भरलेली पाने होती. काही सूत्रे आधीच ठाऊक असलेली, मूळ संख्यांविषयीची काही चक्क चुकीची आणि काही अशी, की हार्डींनी तसे काही कधी पाहिलेच नव्हते. हार्डी आणि त्यांचे सहकारी लिटलवूड यांनी एक संध्याकाळ त्या पानांवर घालवली आणि आपल्यासमोर अव्वल दर्जाचा गणिती आहे याविषयी त्यांची खात्री झाली. मद्रास विद्यापीठानेही पदवी नसलेल्या या तरुणाला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. समुद्र ओलांडण्याला घरचा विरोध होता. आईला स्वप्नात देवीची अनुज्ञा मिळाली तेव्हा तो मावळला. १७ मार्च १९१४ रोजी रामानुजन बोटीत बसले. पत्नी मागे राहिली.

एप्रिलमध्ये ते इंग्लंडला पोहोचले आणि ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटले. लिटलवूड तोफखान्याच्या कामावर गेले, महाविद्यालये ओस पडली. कर्मठ शाकाहारी रामानुजन भोजनगृहातले अन्न घेत नसत. खोलीतल्या शेगडीवर स्वतःच भात आणि रसम करीत. मद्रासहून काही जिन्नस येत, पण युद्धात भाजीपाला आणि फळे दुर्मीळ होत गेली. काम चढले की जेवणाची वेळ टळून जाई. कधी सलग रात्रभर बसायचे आणि मग दिवसा झोपायचे. थंडीची तर गंमतच झाली. केंब्रिजमध्येच शिकणारे प्रशांतचंद्र महालनोबिस एकदा खोलीवर आले, तेव्हा रामानुजन रात्री कुडकुडतात असे कळले. बिछान्यावर ब्लँकेटे नीट खोचून ठेवलेली होती. त्यांच्या आत शिरून झोपायचे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. ते वरच ओव्हरकोट पांघरून झोपत होते. महालनोबिस यांनी ते उलगडून दाखवले. हसू येते खरे, पण परमुलखात एकटे राहणाऱ्याला साध्या गोष्टी सांगायलाही कोणी लागते.

गणित मात्र जोमात होते. १९१६ मध्ये संशोधनावर पदवी मिळाली. हार्डी हे काटेकोर सिद्धतेचे, रामानुजन अंतःप्रेरणेचे. दोघांच्या मेळातून जे निघाले, त्यातले संख्यांच्या विभाजनाचे काम सामान्य वाचकालाही कळण्यासारखे आहे. चार ही संख्या किती प्रकारे फोडता येईल? नुसते चार, तीन आणि एक, दोन आणि दोन, दोन, एक, एक, आणि चार वेळा एक. एकूण पाच प्रकार. दहाचे प्रकार ४२ होतात. शंभराचे १९,०५,६९,२९२. ही वाढ इतकी बेबंद दिसते, की तिला सूत्रात पकडता येईल असे कोणाला वाटले नव्हते. हार्डी आणि रामानुजन यांनी पकडले. पडताळ्यासाठी मेजर मॅकमहन या निवृत्त तोफखाना अधिकाऱ्याने हाताने आकडेमोड करून दोनशेचे प्रकार काढले होते: ३९,७२,९९,९०,२९,३८८, म्हणजे सुमारे ३ लाख ९७ हजार कोटी. नव्या सूत्राची पहिली आठ पदे घेतली तरी उत्तर या आकड्यापासून फक्त ०.००४ ने ढळले. या कामासाठी शोधलेली पद्धत संख्याशास्त्रज्ञ आजही वापरतात.

१९१७ च्या वसंतात रामानुजन आजारी पडले. आधी जठरात व्रण असावा असे ठरले. मग क्षयाचा संशय आला आणि आरोग्यधामांच्या वाऱ्या सुरू झाल्या, मेंडिप टेकड्यांवर, नंतर मॅटलॉकला. क्षयाला तेव्हा औषध नव्हते. मोकळी थंड हवा, सक्तीची विश्रांती आणि भरपूर अन्न हाच उपचार. खिडक्या सताड उघड्या आणि ताटात त्यांना न चालणारे पदार्थ, अशा ठिकाणी या रुग्णाचे कसे झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी. पुढे एका तज्ज्ञाने यकृताच्या कर्करोगाची शंका काढली. जुन्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेली गाठ कर्करोगाची असावी असा त्याचा तर्क होता. तोही खरा ठरला नाही. ताप येत-जात राहिला, पोट दुखत राहिले, वजन उतरत गेले.

मनाचीही तीच गत होती. घरून पत्रे येईनात. सासू-सुनेचे पटत नव्हते आणि जानकीची पत्रे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हती. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या फेलोशिपसाठी पहिल्या खेपेस त्यांना डावलले गेले. १९१८ च्या सुरुवातीला त्यांनी आयुष्य संपवण्याचा प्रयत्न केला आणि ते थोडक्यात वाचले. पोलिसांच्या कचाट्यातून त्यांना सोडवायला हार्डी धावले. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात, हे आज डॉक्टर आवर्जून सांगतात. दीर्घ दुखणे, एकटेपणा आणि उपासमारीच्या काठावरचे जेवण एकत्र आले, की असा रुग्ण जपावा लागतो. रामानुजन यांच्या कागदपत्रांत पोटाची, तापाची चर्चा खूप आहे, मनाची जवळजवळ नाही.

मान मिळाले ते याच वर्षी. मे मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. हा मान मिळालेले ते दुसरे भारतीय. पहिले होते मुंबईचे जहाजबांधणी अभियंता अर्देशीर कर्सेटजी वाडिया, तेही १८४१ मध्ये. ऑक्टोबरमध्ये ट्रिनिटीची फेलोशिपही आली. १७२९ ची भेटही याच आजारपणातली. तो आकडा त्यांना त्या क्षणी सुचला असेही नव्हते. बाराचा घन १७२८. नऊ आणि दहा यांच्या घनांची बेरीज त्याहून फक्त एकाने जास्त. दोन घनांची बेरीज तिसरा घन होऊ शकत नाही हे गणितींना माहीत होते, आणि अवघ्या एकाने हुकणाऱ्या अशा जोड्या रामानुजन यांनी वहीत गोळा केल्या होत्या. ताप चढलेल्या माणसाला त्याची जुनी ओळखीची संख्या भेटली, इतकेच.

युद्ध संपल्यावर त्यांना घरी पाठवायचे ठरले. निघण्याआधी त्यांनी मद्रास विद्यापीठाला कळवले, की आपल्याला देऊ केलेले मानधन गरजेपेक्षा जास्त आहे, उरलेले गरीब आणि अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी वापरावे. २७ मार्च १९१९ रोजी बोट मुंबई बंदराला लागली. आई आणि भाऊ घ्यायला आले होते. उतरलेला मुलगा वाळून गेला होता.

त्यानंतर जेमतेम वर्षभर. मद्रास, कावेरीकाठचे कोडुमुडी, कुंभकोणम आणि पुन्हा मद्रास. डॉक्टरांनी पुन्हा क्षयच सांगितला. वीस वर्षांची जानकी उशाशी होती. वेळेवर भात, ताक, लिंबू देणे आणि कळा येत तेव्हा गरम कपड्याने शेकणे हेच तिच्या हाती होते. खाटेवरून ते पाटी मागत. जानेवारी १९२० मध्ये हार्डींना त्यांनी शेवटचे पत्र लिहिले. त्यात नव्याच प्रकारच्या फलनांची माहिती होती. थीटा फलनांसारखी भासणारी, पण ती नसणारी म्हणून त्यांना आभासी थीटा फलने म्हणता येईल. २६ एप्रिल १९२० रोजी मद्रासच्या चेटपेट भागात त्यांचे निधन झाले. वय ३२. समुद्र ओलांडून प्रायश्चित्त घेतले नव्हते म्हणून काही नातेवाइकांनी अंत्यविधीकडे पाठ फिरवली. व्यवस्था रामचंद्र राव यांनी पाहिली.

मग ते दुखणे होते तरी काय? १९९४ मध्ये डी. ए. बी. यंग यांनी उपलब्ध नोंदी तपासून रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांचा निष्कर्ष: हा क्षय नसावा, यकृतातला अमीबाचा संसर्ग असावा. १९०६ ची ती हगवण इथे परत येते. दूषित पाणी किंवा अन्नातून हा एकपेशीय जीव आतड्यात शिरतो. जुलाब थांबले की रुग्णाला बरे वाटते, पण जीव आतड्यात वर्षानुवर्षे दबा धरून राहू शकतो. तिथून रक्तावाटे तो यकृतात पोहोचतो आणि तिथे गळू होते. मग मधूनमधून ताप, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, वजन घटणे. ही लक्षणे क्षयाशी गल्लत व्हावी अशीच. जुन्या हगवणीचा धागा पकडल्याशिवाय निदान होत नाही, आणि लंडनच्या डॉक्टरांना असे रुग्ण पाहण्याची फारशी सवय नव्हती.

शतकापूर्वीच्या कागदांवरून केलेले निदान पक्के मानता येत नाही. शवविच्छेदन झाले नाही, यंग यांचे मत सर्वांनी मान्य केले आहे असेही नाही. पण ते बरोबर असेल तर एक गोष्ट फार बोचते. अमीबाच्या या संसर्गावर एमेटिनची इंजेक्शने लागू पडतात, हे १९१२ मध्येच लिओनार्ड रॉजर्स यांनी दाखवले होते आणि तेही कोलकात्यात. आज तर सोनोग्राफीत गळू दिसते, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण बरे होतात. रुग्णाला पूर्वी कधी हगवण झाली होती का, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारणे आणि रुग्णाने त्याचे उत्तर लक्षात ठेवून देणे मात्र आजही तितकेच गरजेचे आहे.

शेवटच्या वर्षात लिहिलेली पाने हार्डींकडे आणि पुढे वॉटसन या गणितीकडे गेली. १९६५ मध्ये वॉटसन वारले, तेव्हा त्यांच्या खोलीतल्या कागदांच्या ढिगातून ती कशीबशी वाचली आणि ट्रिनिटीच्या ग्रंथालयात पडून राहिली. १९७६ मध्ये जॉर्ज अँड्र्यूज यांना ती सापडली. शंभरहून अधिक पाने, सहाशेच्या आसपास सूत्रे, पुन्हा सिद्धतेविना. आभासी थीटा फलने नेमकी काय आहेत हे २००२ मध्ये झ्वेगर्स यांच्या प्रबंधाने उलगडले. २०१२ मध्ये मराठी भौतिकशास्त्रज्ञ अतीश दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृष्णविवरांच्या अवस्था मोजण्यासाठी त्यांचाच आधार घेतला. खाटेवर पाटी मागणाऱ्या माणसाच्या काळात कृष्णविवर हा शब्दही नव्हता.

जानकी अम्माळ एकविसाव्या वर्षी विधवा झाल्या. काही वर्षे त्या मुंबईत भावाकडे राहिल्या. तिथे त्या शिवणकाम शिकल्या. १९३१ च्या सुमारास मद्रासला परतून त्यांनी ट्रिप्लिकेनमध्ये बिऱ्हाड केले आणि विद्यापीठाच्या तुटपुंज्या पेन्शनला शिवणकामाची जोड देऊन संसार चालवला, एक मुलगा दत्तक घेऊन वाढवला. नवऱ्याचा पुतळा उभारण्याचे आश्वासन कोणी पाळले नाही ही त्यांची खंत वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हा जगभरच्या गणितींनी वर्गणी काढून एक अर्धपुतळा घडवून घेतला आणि त्यांच्या घरी पोहोचवला. १३ एप्रिल १९९४ रोजी त्या वारल्या. नवऱ्याच्या दुखण्याविषयीचा यंग यांचा निबंध त्याच वर्षीचा.